चष्मा पुसत बसलो होतो

“अगं, मी चष्मा पुसत बसलो होतो.”

कॅथलॅबमधून बाहेर आल्यावर बाबा पहिलं हेच बोलले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा आला. दहा मिनिटं. मग सगळं स्वच्छ. मीही म्हटलं, नंबर वाढला असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीच मानेची डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला लावली. डावी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी, ८० टक्के अरुंद! तिथली बारीक गुठळी डोळ्याकडे गेली होती. मेंदूत गेली असती तर?

आज जांघेतून तार नेऊन स्टेंट बसवला. सुटलेला कण वर जाऊ नये म्हणून छत्रीसारखी जाळीही धरली होती. बाबा जागेच होते; मेंदूची डावी बाजू ठीक आहे ना, हे बघायला डॉक्टर सारखी उजव्या हाताची मूठ वळायला सांगत होते, म्हणे.

ती मूठ मी अजून धरून बसलेय.

दुखलं असतं तर त्याच दिवशी धावलो असतो ना?