पिवळ्या नळीपासून ग्रामसभेपर्यंत : आयजेममधील माझा अनुभव

आयजेम ही सिंथेटिक बायॉलॉजीची (म्हणजे जनुके हवी तशी जोडून सजीवांना नवे काम करायला लावणाऱ्या शास्त्राची) विद्यार्थी-स्पर्धा २००३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये एका छोट्या अभ्यासक्रमाच्या रूपाने सुरू झाली. २००४ मध्ये पहिली स्पर्धा झाली तेव्हा तिच्यात अवघे पाच संघ होते. आता जगभरातून संघ येतात आणि अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. प्रयोगशाळेतील काम कितीही चांगले असले तरी या स्पर्धेत तेवढ्याने भागत नाही. आपण कोणाकोणाशी बोललो आणि त्या बोलण्यामुळे प्रकल्पात नेमके काय बदलले, हे पुराव्यासह मांडावे लागते. या भागाला ह्यूमन प्रॅक्टिसेस म्हणतात आणि आमच्या पुण्यातील संघात त्याची जबाबदारी माझ्याकडे होती.

आमचा विषय होता पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांतील अनेक गावांत हातपंपाच्या पाण्यातून फ्लोराइड पोटात जाते, मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे व सांधे ताठरतात. जिवाणूंमध्ये फ्लोराइड ओळखणारा आरएनएचा एक तुकडा असतो, त्याला रायबोस्विच म्हणतात. फ्लोराइडचा आयन मिळाला की या आरएनएची घडी पक्की होते आणि पुढच्या जनुकाचे वाचन चालू राहते. आयन मिळाला नाही तर वाचन मध्येच तुटते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका गटाने हा तुकडा रंग आणणाऱ्या जनुकाला जोडून पेशीविरहित अर्कात, म्हणजे जिवाणू फोडून काढलेल्या आणि जनुक वाचू शकणाऱ्या द्रवात, वापरला, तो अर्क नळीत सुकवला आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर पिवळा होणारी चाचणी कोस्टा रिकामध्ये प्रत्यक्ष पाण्यावर करून दाखवली. अशीच नळी विदर्भासाठी तयार करावी, असे आम्ही ठरवले.

तज्ज्ञांशी संपर्काची माझी सुरुवात चुकीची झाली. एकच पत्र मी सगळ्यांना पाठवले. त्यात प्रकल्पाची दोन पाने माहिती होती आणि शेवटी ‘आपले मार्गदर्शन लाभावे’ अशी विनंती होती. उत्तरे जवळजवळ आलीच नाहीत. मग एका निवृत्त भूजलशास्त्रज्ञांनी दोन ओळींत विचारले, “तुम्हाला माझ्याकडून नेमके काय हवे आहे?” त्यानंतर मी प्रत्येक पत्र वेगळे लिहू लागले : त्या व्यक्तीचे कोणते काम वाचले ते एका वाक्यात, आमचा एक आलेख, आणि दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. पत्र पाठवण्यापूर्वी वाचनात दोन दिवस जात, पण आता उत्तरे येऊ लागली.

त्याच भूजलशास्त्रज्ञांनी पुढे आमच्या प्रकल्पाचा पायाच हलवला. कोस्टा रिकाची चाचणी लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड ओळखते आणि आमची नळीही त्याच सुमारास रंग दाखवत होती. भारतीय मानक मात्र १ मिलिग्रॅमची मर्यादा घालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेते. “म्हणजे १.७ मिलिग्रॅमचा हातपंप तुमची नळी निर्धोक ठरवणार,” असे ते फोनवर शांतपणे म्हणाले. त्या संध्याकाळी आम्ही प्रकल्पाचे उद्दिष्ट बदलून लिहिले. जास्त दूषित हातपंप झटपट वेगळे काढणे एवढेच नळीचे काम असेल, रंग आला नाही म्हणून कोणतेही पाणी सुरक्षित म्हणायचे नाही, आणि अंतिम आकडा आयन-निवडक इलेक्ट्रोडनेच, म्हणजे पाण्यातील फ्लोराइड थेट मोजणाऱ्या उपकरणानेच, घ्यायचा.

गावभेटीपूर्वी आणखी एक अडथळा आला. आम्ही एका वस्तीत उत्साहाने प्रश्नावली भरून घेतली होती, पण लेखी संमती घेतली नव्हती आणि नीतिसमितीची परवानगीही नव्हती. ती सर्व उत्तरे आम्हाला बाजूला ठेवावी लागली. लोकांनी घरातील दुखणी विश्वासाने सांगितली होती, आणि आमच्या घाईमुळे ती माहिती कुठेही वापरता आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. कोणताही संघ हे काम हाती घेणार असेल तर त्याने परवानगीचा अर्ज पहिल्या महिन्यातच करावा.

परवानगी मिळाल्यावर आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात गेलो. जनुकीय सामग्री प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही हा दंडक असल्याने सोबतच्या नळ्यांत फक्त खाण्याच्या रंगाचे पाणी होते, आणि ते आम्ही आधीच सांगून टाकले. शाळेच्या ओट्यावर मी दोन नळ्या शेजारी धरल्या, एक पांढरी आणि एक पिवळी. पुढे बसलेल्या आजींनी पिवळी नळी हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि विचारले, “पिवळं झालं तं मंग कोनतं पानी पेवाव, पोरी?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड कमी करण्याची नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत मला माहीत होती, पण ती रोज कोण राबवणार, तुरटी कुठून येणार आणि तळाशी बसलेला गाळ कुठे टाकणार, याचा मी विचारच केला नव्हता.

दुसरी गोष्ट गावच्या जलसुरक्षकांनी, म्हणजे गावातील पाण्याच्या स्रोतांची देखरेख करणाऱ्यांनी, दाखवून दिली. पाण्याच्या स्रोतांची पाहणी झाली की ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पिवळे म्हणजे मध्यम जोखीम, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. “तुमचं पिवळं म्हणजे धोका, आमचं पिवळं म्हणजे अजून चालतं,” असे ते म्हणाले. शिवाय पावसाळ्यात गढूळ पाणी तसेही पिवळटच दिसते. आम्ही रंग बदलण्याचा प्रयत्न केला. लॅकझेड जनुक वापरून पिवळ्याचा जांभळा होणारा रंग मिळतो, पण आमचा अर्क ज्या ई. कोलाय जिवाणूपासून बनत होता त्यात हे जनुक मुळातच असल्याने फ्लोराइडशिवायही रंग येत होता. ते जनुक नसलेला वाण मागवून नव्याने अर्क करण्याइतका वेळ उरला नव्हता. शेवटी नळीला लाल चौकटीची पट्टी लावली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘पिवळा = पिऊ नका’ असे छापले. हा तात्पुरता उपाय आहे हे आम्ही परीक्षकांसमोरही स्पष्ट मांडले.

सहकार्याचा सर्वांत मोठा लाभ दुसऱ्या एका भारतीय संघाकडून झाला. त्यांनी आमची कृती जशीच्या तशी करून पाहिली, आणि त्यांच्या नळीत रंग आलाच नाही. दोन आठवडे रात्री फोनवर बोलून आम्ही एकेक घटक ताडून पाहिला, तेव्हा दोष मॅग्नेशियमच्या प्रमाणात सापडला. ते प्रमाण अर्काच्या प्रत्येक घाण्यासाठी नव्याने ठरवावे लागते, आणि आम्ही मात्र आमच्या घाण्याचा आकडा कायमचा म्हणून लिहिला होता. त्यांना अपयश आले नसते तर ही चूक आमच्या कृतीत तशीच राहिली असती.

पॅरिसहून परतल्यावर आम्ही गावातील सर्व स्रोतांची इलेक्ट्रोडवरील मोजमापे मराठीत एका पानावर छापून ग्रामसभेत दिली. आजींच्या घरासमोरील हातपंपात २.६ मिलिग्रॅम फ्लोराइड होते आणि शाळेमागच्या वापरात नसलेल्या उघड्या विहिरीत ०.७. त्या विहिरीचे पाणी जंतूंसाठी तपासल्याशिवाय पिऊ नये, हे आम्ही वारंवार सांगितले. जलसुरक्षकांनी नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवण्याचे कबूल केले आणि विहिरीचा गाळ काढण्याचा विषय त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदवला गेला. आजी सभेला आल्या होत्या. त्यांनी नातवाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला आणि घडी करून पदराला बांधला.