स्मोक कोणाच्या बॅगेत आहे?

बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे टोळीत, चौघे असतात. न खेळणाऱ्याला वाटतं, चौघांचा नेम चांगला असला की झालं. मला ते पटत नाही. एरँगल या बेटाच्या मॅपवर शंभर जण उतरतात, त्यात नेमबाज भरपूर असतात. तरी कितीतरी स्क्वॉड सुरुवातीलाच गारद होतात, कारण चौघांची तोंडं चार दिशांना असतात.

आमच्या चौकडीत मी आणि धाकटा भाऊ नंदनवनच्या घरातून खेळतो, मावशीचा मुलगा मानेवाड्याहून, आणि त्याचा मित्र बुटीबोरीची शिफ्ट संपवून येतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलरची घरघर माइकमध्ये शिरते, म्हणून ज्याला सांगायचं आहे त्यानेच माइक उघडायचा, असं ठरलं. त्यातून मोजकं बोलायची सवय लागली.

मावशीचा मुलगा आधी नुसता ओरडायचा, "अबे, मारून राहिले मले!" कुठून, किती जण, काही पत्ता नाही. आता तो म्हणतो, "दोनशे चाळीस, लाल छत, वर एक." स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर दिशेचे आकडे असतात, ते चौघांनाही दिसतात. "झाडामागे आहे" म्हटलं, तर प्रत्येकाचं झाड वेगळं.

गोळ्यांचंही तसंच. चौघांनी एम४१६ रायफल उचलली की ५.५६ च्या गोळ्यांची ओढाताण सुरू. म्हणून दोघे ७.६२ ची बंदूक घेतात.

माझ्याकडे स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड, असतात. परवा मॅपवरच्या पोचिंकी गावाजवळ, आकसत गेलेल्या शेवटच्या झोनमध्ये भाऊ नॉक झाला, म्हणजे पडला पण मेला नाही. समोरच्यांनी त्याला मुद्दाम संपवलं नाही, आम्ही उचलायला येऊ म्हणून टपून बसले. अशा वेळी बरेच जण पडलेल्याच्या अंगावर स्मोक टाकतात. मग शत्रू त्या धुरातच आंधळ्या गोळ्या झाडतो. मी एक स्मोक त्यांच्या खिडकीपुढे टाकला, दुसरा मधल्या उघड्या जागेत. भाऊ रांगत भिंतीआड आला. रिव्हाइव्हला, म्हणजे पडलेल्याला उठवायला, दहा सेकंद लागतात, तेवढा वेळ बाकीच्या दोघांनी खिडकीवर फायर चालू ठेवला. एकही किल न मिळवता त्या दहा सेकंदांत मॅच आमच्याकडे वळली. मला खेळातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

अनोळखी लोकांसोबत मी माइक उघडत नाही. बाईचा आवाज ऐकला की काहींची जीभ घसरते, आणि ते ऐकून घ्यायची मला काहीच गरज नाही. पण मॅपवर मार्कर लावता येतो, क्विक चॅटमधून इशारा देता येतो. एका रात्री अशाच एका अनोळखी माणसाने एक शब्द न बोलता माझ्यापुढे फर्स्ट एड टाकलं आणि दाराशी पहारा दिला. असा सोबती मिळाला की रात्र सार्थकी लागते.

२०२२ च्या जुलैत हा गेम अ‍ॅप स्टोअरवरून गेला, २०२३ च्या मेमध्ये परतला. मधल्या काळात आम्ही पांगलो होतो. परत जमलो तेव्हा नेम बिघडलेले होते, पण कोण पुढे जाणार आणि कोण मागे थांबणार, हे विचारावं लागलं नाही.

आता मावशीच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे, त्याच्या वेळा जुळत नाहीत. चौथा गडी शोधतोय. भाऊ किल्सचे आकडे बघतो. मी बघते, की जवळ दोन एनर्जी ड्रिंक असताना नवा गडी एक सोबत्यासाठी खाली टाकतो का.