पावणेचार सेंटिमीटर

विमानात मी भरतकाम करते. झोप लागत नाही, समोरच्या पडद्यात मन रमत नाही, म्हणून मांडीवर छोटी रिंग, हातात सुई आणि दोरा कापायला एक चिमुकली कात्री. ही कात्री गेल्या महिन्यात तपासणीत गेली.

मी नियम वाचूनच निघते. युरोपात कात्रीचं पातं खिळ्यापासून मोजल्यावर ६ सेंटिमीटरपेक्षा लांब असून चालत नाही. अमेरिकेत ते ४ इंचांपेक्षा कमी हवं. माझ्या कात्रीचं पातं पावणेचार सेंटिमीटर. जाताना तपासणीतल्या बाईंनी कात्री उघडली, खिळ्याला पट्टी टेकवून दोन्ही पाती मोजली आणि मान डोलावून परत दिली. येताना विमानतळ दुसरा, पण नियम तोच ६ सेंटिमीटरचा. "कात्री चालत नाही." म्हटलं, मोजून तरी बघा. पट्टीच नव्हती. वरिष्ठ आले, त्यांनी लांबूनच मान हलवली. मागे रांग खोळंबलेली, विमानात बसायला सुरुवात झालेली. कात्री जप्त वस्तूंच्या टबात पडली. रिंगमध्ये खोचलेल्या सुईकडे मात्र कुणी पाहिलंही नाही.

तपासणाऱ्यांचं काम सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पडद्यावर धातू निळा, कपडे-कागद-अन्न नारिंगी, सगळं एकावर एक चढलेलं, आणि निर्णयाला हातात काही सेकंद. लक्ष ढळू नये म्हणून अनेक ठिकाणी मधूनच शस्त्राचं खोटं चित्रही त्यांच्या पडद्यावर टाकतात. कुणाची बॅग उघडली जाईल हे आधी कळू नये, हेही मला पूर्ण पटतं. ती अनिश्चितता मुद्दाम ठेवलेली असते आणि ती असायलाच हवी. पण बॅगेत काय चालतं हे अनिश्चित का असावं? अमेरिकेच्या यादीत तर स्पष्टच लिहिलंय की शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. असेल, पण मग त्याच्या हाताशी निदान एक पट्टी द्या.

द्रवपदार्थांचा घोळ निराळा, त्याला कारण तरी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला आणि त्यातून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. ती बाटलीच्या आकाराला लागू होते, आत थेंबभरच उरलेलं असलं तरी. पुढे बॅगेचं आतलं त्रिमितीय चित्र दाखवणारे सीटी स्कॅनर आले, तेव्हा काही विमानतळांनी सूट दिली आणि युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२४ पासून ती सूट तात्पुरती थांबवली होती. हे स्कॅनर सगळीकडे नाहीत, त्यामुळे एकीकडे लॅपटॉप बॅगेतच राहू दे म्हणतात, दुसरीकडे बाहेर काढा म्हणून ओरडतात. मशीन वेगळं आहे, एवढं एका पाटीवर लिहिलं तर माणूस गोंधळणार नाही. मागच्या वेळी माझ्यापुढच्या वयस्कर गृहस्थांची पॉवर बँक काढून घेतली. १०० वॉट-तासांची मर्यादा त्यांना माहीत होती, पण तिच्यावरचे आकडे घासून पुसट झाले होते. ते बराच वेळ ती उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न करत होते.

आता मी कात्री नेत नाही. नेलकटरने दोरा तोडते. टोक चेंगरतं, धागे सुटतात, आणि सुईत ओवायला दर वेळी ते ओलं करून पिळावं लागतं.