कामिनो, वन्सं आणि टाचेचा फोड

कामिनो म्हणजे संत सांतियागोच्या दर्शनाला स्पेनमधून पायी जायची वारी. पिरेनीज चढताना धुक्यात वन्संची सॅक तेवढी दिसत होती. रोन्सेसव्हालच्या याच डोंगरात 778 साली तिथल्या बास्क लोकांनी फ्रँकांचा राजा शार्लमेनच्या परतणाऱ्या फौजेची पिछाडी कापली आणि त्याचा सरदार रोलाँ पडला. माझं सगळं लक्ष गरम पाण्याकडे. 1212 मध्ये लास नावास दे तोलोसाची लढाई गाजवणारा नवाराचा राजा सांचो सातवा तिथल्या मठात दगडी रूपात आडवा झालाय. मला त्याचा हेवाच वाटला.

लोग्रोन्योत मात्र मन खट्टू झालं. चर्चच्या दारावर घोड्यावरचा सांतियागो तलवार उगारून, टापांखाली मूर, म्हणजे मुसलमान सैनिक. 844 साली क्लाविहोच्या लढाईत तो असा प्रकटला म्हणे, आणि इतिहासकार म्हणतात ती लढाईच झाली नाही! आपला विठोबा कसा, हात कमरेवर. मी कुरकुरले तशा वन्सं म्हणाल्या, "देव तुझ्या पसंतीने उभा राहतो होय गं?" आत जाऊन मेणबत्ती लावली. का, ते विचारू नका.

बुर्गोसला एल सिद या जुन्या स्पॅनिश योद्ध्याची कबर पाहिली, यात्रेच्या वहीत शिक्का घेतला, निघालो.

कार्रियोनपासून काल्सादियापर्यंत सतरा किलोमीटर गाव नाही. रोमनांनी बोर्दोहून आस्तोर्गाला नेलेली वाट म्हणे ही. कापणी झालेली गव्हाची रानं, सावली नावाला नाही. टाचेला फोड. वन्सं हरिपाठ म्हणत पुढे, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजाचाच मला राग येऊ लागला. शेवटी बूट काढून धुळीत बसले.

मागून एक कोरियन आजोबा आले. भाषेचा प्रश्नच नव्हता. माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी ओशाळून मागे ओढला. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा? त्यांनी घोटा घट्ट धरला. सुई लायटरवर तापवली, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली, दोरा तसाच आत ठेवला. पाणी दोऱ्यावरून टपटप निथळू लागलं. पट्टी बांधून झाल्यावर मी वाकून नमस्कार केला, तर तेही वाकले. वारीत माऊली माऊली म्हणत एकमेकांच्या पाया पडतात, अगदी तसंच. मला रडू फुटलं. ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं टाच दुखतेय.

काल्सादियाच्या आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, पोचले तेव्हा वन्सं पाय धुऊन बसल्या होत्या. खालचा पलंग त्यांनी आधीच धरून ठेवला होता. स्वतःसाठी.