एकच खेळ, तीन यंत्रे: होमब्रू घडवताना आणि तपासताना आलेला माझा अनुभव

निन्टेंडोचा आठ बिटांचा, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचा कन्सोल १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ या नावाने आला आणि १९८५ पासून अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने विकला जाऊ लागला. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असला, तरी त्याच्यासाठी नवे खेळ लिहिणारी माणसे थांबलेली नाहीत. कंपनीच्या परवान्याशिवाय, हौसेने केलेल्या अशा खेळांना होमब्रू म्हणतात. मी असा एक खेळ केला, तो इतरांकडून तपासून घेतला आणि पुढे इतरांच्या खेळांची परीक्षणे लिहू लागले. या सगळ्या प्रवासात मला सर्वाधिक शिकवले ते माझ्या खेळाच्या पहिल्या तीन परीक्षणांनी. ती एकमेकांशी मुळीच जुळत नव्हती, आणि तरीही तिन्ही खरी होती.

खेळ मी मुद्दाम लहान ठरवला होता. हातात कंदील घेतलेली एक मुलगी गुहेतल्या एकेका खोलीतून वाट काढते आणि कंदिलातले तेल संपण्यापूर्वी तिला दार गाठायचे असते. एक खोली म्हणजे एक पूर्ण पडदा, आणि अशा चाळीस खोल्या. कार्ट्रिजही, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची खेळाची डबीही, मी सर्वांत साधे निवडले, ज्यात कोडसाठी ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट एवढीच जागा असते. २०१९ साली आलेला ‘मायक्रो मेजेस’ हा चौघांना एकत्र खेळता येणारा खेळ याच ४० किलोबाइटांत बसवलेला आहे, त्यामुळे जागा अपुरी पडली ही सबब मी सुरुवातीलाच बाजूला ठेवली.

या कन्सोलवर चित्र काढणे म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्या, म्हणजे टाइल, जुळवणे. पडद्यावर आडव्या ३२ आणि उभ्या ३० टाइल मावतात. पार्श्वभूमीसाठी २५६ वेगळ्या टाइल आणि हलणाऱ्या आकृत्यांसाठी, म्हणजे स्प्राइटसाठी, आणखी २५६. रंगांचे बंधन त्याहून कडक आहे, कारण पार्श्वभूमीवर सोळा बाय सोळा ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एकच रंगसंच मिळतो. म्हणून मी चार टाइलचा एक ठोकळा धरला आणि प्रत्येक खोली १६ बाय १५, म्हणजे २४० ठोकळ्यांत मांडली. एका ठोकळ्याला एक बाइट धरला तर चाळीस खोल्यांना ९,६०० बाइट लागतात. ओळीने येणारे सारखे ठोकळे ‘हा ठोकळा इतक्या वेळा’ अशा पद्धतीने साठवले, तेव्हा ते निम्म्याहून कमी जागेत बसले. ठोकळ्यांची ही शिस्त एकदा अंगवळणी पडली की खोल्या रचणे हा सगळ्यांत आनंदाचा भाग ठरतो, आणि खेळ घडवण्याच्या माझ्या सात महिन्यांतले सर्वांत चांगले दिवस तेच होते.

वेळेचा हिशेब मात्र मला फार उशिरा समजला. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानमधल्या टीव्ही पद्धतीच्या एनईएसचा प्रोसेसर सुमारे १.७९ मेगाहर्ट्झने चालतो, त्यामुळे एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, प्रोसेसरच्या कामाचे २९,७८० च्या आसपास ठोके, म्हणजे सायकल, मिळतात. हे पुष्कळ वाटते. परंतु पडद्यावरच्या टाइल सुरक्षितपणे बदलायच्या तर एक चित्र रंगवून झाल्यावर दुसरे सुरू होईपर्यंतच्या उसंतीतच बदलाव्या लागतात. व्हीब्लँक नावाची ही उसंत वीस ओळींची, म्हणजे जेमतेम २,२७० सायकलींची असते, आणि त्यातल्या ५१३ किंवा ५१४ सायकली स्प्राइटची यादी चित्राच्या चिपकडे पाठवण्यातच जातात. माझ्या खेळात दार उघडणे, तेलाची पट्टी कमी होणे आणि कंदिलाचा उजेड सरकणे हे तिन्ही बदल एकाच फ्रेममध्ये आले की हिशेब ओलांडला जाई आणि पडद्याचा वरचा भाग विस्कटून जाई. शेवटी मी बदलांची एक रांग केली आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्यातले मोजकेच बदल करायचे असे ठरवले. दार एका फ्रेमने उशिरा उघडले तर कोणाच्याही लक्षात येत नाही.

इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळ नीट चालू लागल्यावर मी तो फ्लॅश कार्ट्रिजवर, म्हणजे हवी ती फाइल भरता येणाऱ्या कार्ट्रिजवर, टाकून प्रत्यक्ष कन्सोलमध्ये लावला. पहिल्या खोलीऐवजी पडद्यावर नुसता टाइलचा कचरा आला. कन्सोल बंद करून पुन्हा चालू केला तर कचरा वेगळा. कारण शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. कन्सोलमध्ये कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट असते आणि वीज चालू होताच तिच्यात काय असेल याची कोणतीही हमी नसते. शिवाय फ्लॅश कार्ट्रिजचा मेनू आधी चालून गेलेला असतो, त्याचेही अवशेष तिथे उरतात. मी वापरत असलेला इम्युलेटर मात्र ती मेमरी शून्याने भरून देत होता. खोलीचा क्रमांक शून्य असेल असे मी गृहीत धरले होते. तो शून्य करण्याची एक ओळ मी लिहिलीच नव्हती. आता मी सुरुवातीला संपूर्ण मेमरी पुसते, आणि इम्युलेटरमध्ये ती मुद्दाम वेड्यावाकड्या आकड्यांनी भरून चाचणी घेते. मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये तशी सोय असते.

यानंतर मी खेळ तीन परीक्षकांना दिला. पहिल्यांनी तो इम्युलेटरवर खेळला आणि लिहिले की वेग उत्तम आहे, तेलाचा हिशेब नेमका बसला आहे, दोष आढळला नाही. दुसऱ्यांनी लिहिले की खेळ सुस्त आहे, संगीत रेंगाळते आणि सूर उतरलेले वाटतात, तेलाचे तर भयच वाटत नाही. तिसऱ्यांचे म्हणणे सर्वांत विचित्र होते: एकतिसाव्या खोलीपासून पुढे, कोणतेही बटण दाबलेले नसताना, मुलगी मधूनच उजवीकडे सरकते आणि काट्यांवर पडते.

मी पहिल्या परीक्षकांवर विश्वास ठेवला, कारण त्यांचे म्हणणे मला हवे तसे होते. दुसऱ्यांचे मत मी आवडीनिवडीचा भाग मानले आणि तिसऱ्यांना कंट्रोलर झिजला असेल असे कळवले. त्यांनी दोन वेगवेगळे कंट्रोलर लावून पाहिले आणि मुलगी ज्या ज्या खोल्यांत सरकली त्यांचे क्रमांक लिहून पाठवले. ती यादी वाचताना माझ्या लक्षात आले की शेवटच्या दहा खोल्यांची धून वेगळी आहे आणि ढोलाचे ध्वनिमुद्रित नमुने केवळ तिच्यातच आहेत.

एनईएसमध्ये आवाजाच्या पाच वाहिन्या असतात: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक मुद्रित नमुन्यांची. ही पाचवी वाहिनी मेमरीतून पुढचा बाइट उचलण्यासाठी प्रोसेसरला क्षणभर थांबवते, आणि तो क्षण नेमका कंट्रोलर वाचण्याच्या वेळी आला, तर एनटीएससी यंत्रात कंट्रोलरचा एक बिट, म्हणजे एका बटणाचे उत्तर, गळून जातो. बटणे एकामागून एक अशा ठरावीक क्रमाने वाचली जातात आणि त्या क्रमात शेवटचे बटण ‘उजवीकडे’ हे असते. मधला एक बिट गळाला की पुढचे सगळे एक घर पुढे येतात आणि रिकाम्या राहिलेल्या शेवटच्या जागी ‘दाबलेले’ असे उत्तर मिळते. मुलगी उजवीकडेच का सरकत होती, याचे उत्तर इतके सरळ होते. ढोल मी अगदी शेवटी घातले होते आणि त्यानंतर खऱ्या कन्सोलवर फक्त पहिल्या काही खोल्या खेळून पाहिल्या होत्या. उपाय जुना आणि माहितीतला आहे: कंट्रोलर दोनदा वाचायचा, आणि दोन्ही उत्तरे सारखी येईपर्यंत पुन्हा वाचायचा.

दुसऱ्या परीक्षकांना मी त्यांचे यंत्र कोणते आहे हे विचारले, जे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. त्यांचा कन्सोल पाल, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीचा होता. तो सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेम दाखवतो आणि त्याचा प्रोसेसरही १.६६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो; त्यामुळे फ्रेम मोजून चालणारा माझा सगळा खेळ एक षष्ठांशाने मंदावला होता आणि सूर खरोखरच खाली गेले होते. ढोलाचा बिट गळण्याचा दोष पाल यंत्रात दुरुस्त केलेला आहे, म्हणून त्यांना चाळीसही खोल्यांत मुलगी कधी सरकलेली दिसली नाही. आता खेळ सुरू होताना दोन व्हीब्लँकमधल्या सायकली मोजून यंत्र ओळखतो आणि पाल असेल तर चालण्याचा वेग, तेलाचा खर्च आणि सुरांचे तक्ते बदलून घेतो. यात जवळपास एक किलोबाइट खर्ची पडला. तो वसूल करण्यासाठी शीर्षकाच्या पडद्यावरची वटवाघळे काढावी लागली, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्या तीन परीक्षणांमुळेच मी स्वतः परीक्षणे लिहायला घेतली. माझ्या प्रत्येक परीक्षणाचा पहिला परिच्छेद खेळाविषयी नसतो. कन्सोल कोणत्या पद्धतीचा, कार्ट्रिज की फ्लॅश कार्ट्रिज, जुना काचेचा टीव्ही की सपाट पडदा, खेळाची आवृत्ती कोणती, हे मी आधी लिहिते. सपाट टीव्हीवर उडी उशिरा लागल्यासारखी वाटते, आणि तो उशीर बहुधा टीव्हीचा असतो. म्हणून नवा खेळ लावण्यापूर्वी हाताला पूर्ण सवय असलेला एखादा जुना खेळ मी त्याच टीव्हीवर दहा मिनिटे खेळते. तिथेही उडी उशिरा लागली, तर नव्या खेळाला दोष देत नाही.

स्प्राइटच्या लुकलुकण्याबद्दलही मी आता जपून लिहिते. यंत्रात एकूण ६४ स्प्राइट असतात आणि एका आडव्या ओळीत त्यांतले आठच दिसू शकतात, हा नियम कोणालाही मोडता येत नाही. त्यामुळे ‘शत्रू लुकलुकतात’ एवढ्या वाक्याने कर्त्याला काहीच कळत नाही. पाहायचे असते ते हे, की गर्दी झाल्यावर सगळे आळीपाळीने लुकलुकतात की एखादी गोळी पूर्णपणे अदृश्य होऊन खेळाडूचा जीव घेते. पहिल्या प्रकारात कर्त्याने दर फ्रेमला यादीचा क्रम फिरवण्याची काळजी घेतलेली असते आणि तिचे मी कौतुक करते. दुसरा प्रकार मी दोष म्हणून नोंदवते, आणि तो कोणत्या जागी आढळला हेही लिहिते.

एकट्या माणसाने रात्री जागून केलेल्या खेळाविषयी सौम्य लिहावे असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. माझ्या पहिल्या परीक्षकांचा हेतू चांगलाच होता, पण त्यांच्या कौतुकाने माझ्या कोडमधली एकही ओळ सुधारली नाही, आणि खोल्यांच्या क्रमांकांची ती रूक्ष यादी मी आजही जपून ठेवली आहे.

मी तपासलेल्या खेळांपैकी एकाने मला माझीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. तो एक सुंदर, बाजूला सरकत जाणारा खेळ होता. परंतु माझ्या एनटीएससी कन्सोलवर नवा भाग पडद्यात येताना वरच्या ओळी थरथरत. कर्त्याने उत्तरी कळवले की आपल्याकडे असे काही दिसत नाही, टीव्ही तपासावा. मी रागावले नाही, कारण झिजलेल्या कंट्रोलरचे पत्र मीही लिहिले होते. त्यांचा कन्सोल पाल आहे का, एवढेच विचारले. पाल यंत्रात व्हीब्लँक सत्तर ओळींचा असतो. तिथे आरामात उरकणारे काम एनटीएससीच्या वीस ओळींत मावत नाही. चार दिवसांनी त्यांनी नवी आवृत्ती पाठवली, आणि वरच्या ओळी स्थिर झाल्या होत्या. परीक्षणात मी दोन्ही आवृत्त्यांचा उल्लेख केला, कारण जुनी रॉम, म्हणजे खेळाची फाइल, अनेकांनी आधीच उतरवून घेतलेली असते.

माझ्या खेळाची दुरुस्त आवृत्ती मी प्रथम तिसऱ्या परीक्षकांना पाठवली. त्यांनी काचेच्या टीव्हीवर चाळीसही खोल्या पूर्ण केल्या आणि कळवले की बटण न दाबता मुलगी आता जागची हलत नाही. त्याच पत्रात पुढे लिहिले होते की सदतिसावी खोली अवघड आहे असे त्यांना आजवर वाटत होते, पण ती अन्यायकारक आहे: दुसऱ्या कड्याखालचे काटे त्यांच्या टीव्हीवर दिसतच नाहीत. चित्राच्या २४० ओळींपैकी वरच्या आणि खालच्या सुमारे आठ-आठ ओळी अनेक जुन्या टीव्हींच्या चौकटीआड जातात, आणि मी काटे नेमके शेवटच्या आठ ओळींत काढले होते. मी ते एक टाइल वर घेतले. मग चाळीसही खोल्यांची तळाची ओळ एकेक करून तपासली, तेव्हा नवव्या आणि बाविसाव्या खोलीतही तेच सापडले.