शटडाउन अडकतंय: कर्नल रिग्रेशनचा माग, आतापर्यंतची नोंद

लक्षण: जुन्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर) मशीन नीट बंद होतं. नव्या कर्नलवर पॉवर ऑफ दिलं की स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि दिवा चालूच राहतात. फर्मवेअर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) तेच, डिस्ट्रो (लिनक्सचं वितरण) तीच, बदलला तो फक्त लिनक्स कर्नल. म्हणजे हे रिग्रेशन: आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं. अशा वेळी हात लगेच गिट बायसेक्टकडे (चांगल्या आणि वाईट आवृत्तीतलं अंतर निम्मं-निम्मं करत दोषी बदल शोधण्याकडे) जातो, पण आधी मशीन नेमकं कुठल्या टप्प्यावर अडकतंय ते पक्कं करावं. टप्पा ठाऊक नसताना केलेल्या बायसेक्टमध्ये दोन वेगळे बिघाड एकच समजले जातात आणि शेवटी भलत्याच कमिटवर (नोंदलेल्या बदलावर) बोट येतं.

पहिला टप्पा सिस्टमडीचा, म्हणजे पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचा. एखादी सर्व्हिस थांबायला तयार नसेल तर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असा संदेश येतो आणि सहसा ९० सेकंदांनी तिला मारून गाडी पुढे सरकते. हे कर्नलचं दुखणं असेलच असं नाही. वेगळं काढायचं तर सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) वापरा: आधी 'एस', मग 'यू', मग 'ओ'. एसने डिस्कवरचं लिखाण पूर्ण होतं, यूने फाइल सिस्टम फक्त-वाचनावर जातात आणि ओने थेट कर्नलचा पॉवर ऑफ सुरू होतो, सर्व्हिसांना हात न लावता. यातही मशीन अडकलं तर शोध कर्नल आणि फर्मवेअरपुरता उरतो. अडकलं नाही तर बायसेक्टआधी युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) तपासा.

कर्नलच्या आत क्रम ठरलेला आहे. आधी रीबूट नोटिफायरची साखळी (मशीन बंद होतंय हे कर्नलच्या इतर भागांना कळवणं), मग 'डिव्हाइस_शटडाउन', म्हणजे नोंदलेली उपकरणं उलट्या क्रमाने बंद करणं. त्यानंतर एसीपीआयचा (कर्नल आणि फर्मवेअरमधल्या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाचा) 'प्रिपेअरिंग टू एंटर सिस्टम स्लीप स्टेट एस५' हा संदेश (एस५ म्हणजे पूर्ण बंद अवस्था), मग 'रीबूट: पॉवर डाउन', आणि शेवटी फर्मवेअरने नेमून दिलेल्या पीएम१ रजिस्टरमध्ये एस५ची किंमत आणि स्लीप-एनेबलचा बिट लिहिला जातो. शेवटची ओळ कोणती दिसते यावरून बरंच कळतं. एस५ची ओळ आली पण पॉवर डाउन आली नाही, तर संशय बोर्डाच्या एसीपीआय तक्त्यांमधल्या तयारीच्या मेथडवर. पॉवर डाउन येऊनही वीज गेली नाही तर रजिस्टरच्या त्या लिखाणावर. 'सिस्टम हॉल्टेड' दिसलं तर पॉवर ऑफ करणारा हँडलर नोंदलाच गेलेला नाही, म्हणून कर्नलने नुसतं थांबणं पसंत केलं. तो शोध वेगळा.

अडचण ही की या ओळी दिसत नाहीत. ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःच्या शटडाउनमध्ये डिस्प्ले बंद करतो, त्यामुळे काळी स्क्रीन म्हणजे कर्नल अडकला असं होत नाही. 'नोमोडसेट' हा बूट पर्याय देऊन फर्मवेअरचा फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र ठेवणारी मेमरी) टिकवता येतो. त्याने बिघाडच गायब झाला तर तोही पुरावा, संशय ग्राफिक्सवर जातो. जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) तोवर बंद झालेलं असतं. नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारी सोय) नेटवर्क कार्ड बंद होईपर्यंतच चालतं, यूएसबी-सिरियल केबल यूएसबी कंट्रोलर बंद होईपर्यंत. बोर्डावर खरा सिरियल पोर्ट असेल तर ११५२०० बॉडवर कन्सोल लावा, त्याला तोड नाही.

सिरियल नसेल तर पीस्टोअर, म्हणजे कर्नलचे शेवटचे संदेश पुढच्या बूटपर्यंत जपून ठेवणारी सोय. ईएफआय-पीस्टोअर निवडा, रॅमूप्स नको: मशीन पॉवर बटण दाबून बंद करावं लागलं की रॅममधला मजकूर जातो, ईएफआय व्हेरिएबल्स मात्र टिकतात. काही डिस्ट्रो ते बंद ठेवतात, म्हणून 'ईएफआय_पीस्टोअर.पीस्टोअर_डिसेबल=०' द्यावं लागतं. त्यासोबत 'प्रिंटके.ऑलवेज_केएमएसजी_डंप=१', कारण त्याशिवाय साध्या शटडाउनचा डंप (संदेशांची साठवलेली प्रत) घेतलाच जात नाही. हा डंप 'पॉवर डाउन'च्या ओळीनंतर आणि प्रत्यक्ष वीज तोडण्याच्या आधी लिहिला जातो. म्हणून मजकूर वाचण्याआधीच त्याचं असणं-नसणं उत्तर देतं. पुढच्या बूटला डंप सापडला तर सगळी उपकरणं नीट बंद झाली होती आणि मशीन शेवटच्या पावलावर अडकलं. सापडला नाही तर अडकणं त्याआधीचं. मात्र ही खूण धरण्याआधी चांगल्या कर्नलवर डंप खरोखर तयार होतो का ते बघून घ्या.

आधीच अडकत असेल तर 'इनिटकॉल_डीबग' आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' द्या. मग ज्या उपकरणाला बंद करायचं फंक्शन आहे, त्याच्या नावापुढे 'शटडाउन' छापलं जातं. इथे एक सापळा आहे. कर्नल आधी त्या उपकरणाचं आणि त्याच्या पालक-उपकरणाचं लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) घेतो आणि मग ओळ छापतो. लॉकवरच थांबला असेल तर शेवटी दिसणारं नाव आधीच सुखरूप बंद झालेल्या उपकरणाचं असतं. दोषी यादीतला पुढचा. एवढ्यावरून ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करत सुटू नका, बॅकट्रेस (अडकलेल्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) मिळवा.

बॅकट्रेससाठी सगळ्यात भरवशाची जोडी: 'hung_task_timeout_secs' (काम किती सेकंद खोळंबलं की ते अडकलं असं धरायचं) ३० वर आणि 'हंग_टास्क_पॅनिक' १ वर. मूळ मर्यादा १२० सेकंदांची असते आणि तपासणीही तितक्याच अंतराने होते, म्हणजे प्रत्यक्षात चार मिनिटांपर्यंत लागू शकतात. बरेच जण त्याआधीच पॉवर बटण दाबून पुरावा घालवतात. आता पॅनिक (कर्नलने स्वतःहून सगळं काम थांबवणं) झालं की बॅकट्रेस आपोआप पीस्टोअरमध्ये जातो. 'पॅनिक=१०' दिलं तर मशीन दहा सेकंदांनी स्वतः रीबूट होतं. ट्रेसमध्ये 'डिव्हाइस_शटडाउन'च्या लगेच वर म्युटेक्स (लॉकचा एक प्रकार) घेणारं फंक्शन दिसलं तर ते लॉक दुसऱ्या कुणी धरलंय. मध्ये ड्रायव्हरचं फंक्शन दिसलं तर तो ड्रायव्हर स्वतः कशाची तरी वाट बघतोय. काहीच उमटलं नाही तर प्रोसेसर झोपलेला नसून लूपमध्ये फिरत असण्याची शक्यता आहे; मग 'सॉफ्टलॉकअप_पॅनिक=१' आणि एनएमआय वॉचडॉग (अडकलेला प्रोसेसर ओळखणारा पहारेकरी).

मशीन बंद होतं आणि काही सेकंदांत आपसूक सुरू होतं, हा बिघाड वेगळा. याचा इतिहास कर्नलच्या एक्सएचसीआय (यूएसबी ३ कंट्रोलर) ड्रायव्हरमध्येच वाचायला मिळतो. इंटेलचे डीएच७७ईबी आणि डीएच७७डीएफ हे बोर्ड बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायचे. २०१२ मध्ये उपाय आला तो शटडाउनच्या वेळी यूएसबी पोर्ट एक्सएचसीआयकडून ईएचसीआयकडे (यूएसबी २ कंट्रोलरकडे) वळवण्याचा. इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांसाठी २०१३ मध्ये कंट्रोलर डी३ (कमी विजेच्या) अवस्थेत टाकायचा उपाय आला. २०१४ मध्ये पोर्ट वळवणं सगळ्या लिंक्स पॉइंट चिपसेटना लागू झालं, आणि त्याच वर्षी ते फक्त लिंक्स पॉइंट-एलपीपुरतं आवळावं लागलं, कारण काही लिंक्स पॉइंट मशीन त्या वळवण्यामुळेच जागी होत होती. एका बोर्डाचा उपाय दुसऱ्याचं रिग्रेशन ठरतो, म्हणून संशयित ड्रायव्हरच्या शटडाउन फंक्शनचा गिट लॉग बायसेक्टआधी वाचावा. कधी बिल्ड करायची वेळच येत नाही. सोबत '/प्रॉक/एसीपीआय/वेकअप' बघून एकेक स्रोत बंद करून पाहा, आणि ईथटूलने वेक-ऑन-लॅनही (नेटवर्कवरून जागं करणं). 'रीबूट=पीसीआय' हा सल्ला मात्र इथे चुकीचा; तो रीबूटची पद्धत बदलतो, पॉवर ऑफची नाही.

आता बायसेक्ट. ६.६ ठीक आणि ६.१२ वर बिघाड, असं असेल तर आधी ६.७ ते ६.११ ची तयार पॅकेजेस लावून दोन-तीन चाचण्यांत एका आवृत्तीपर्यंत या. एका मुख्य आवृत्तीत साधारण १० ते १५ हजार कमिट असतात, म्हणजे १३-१४ बिल्ड. एकाच स्टेबल मालिकेतल्या दोन शेजारच्या आवृत्त्यांमध्ये बिघाड पकडता आला तर काम निम्म्यावर येऊ शकतं.

कॉन्फिग (कर्नल बांधण्याचे पर्याय) 'लोकलमॉडकॉन्फिग'ने सध्या लोड असलेल्या मॉड्यूल्सपुरतं छाटा, पण त्याआधी सगळी यूएसबी उपकरणं जोडा, नाहीतर त्यांची मॉड्यूल्स गळतात. छाटलेल्या कॉन्फिगने आधी चांगली आवृत्ती बांधून ती चांगली आहे आणि वाईट बांधून ती वाईट आहे, हे दोन्ही तपासा. हे टाळलं तर डिस्ट्रोचा कर्नल आणि स्वतःचा कर्नल यांची तुलना होऊन बसते. प्रत्येक पायरीला मूळ कॉन्फिगची प्रत आणून मग 'ओल्डडेफकॉन्फिग' (नव्या पर्यायांना मूळ किंमत देणारी आज्ञा) चालवा. मागे-पुढे उड्या मारताना पर्याय गळतात आणि परत येत नाहीत. 'लोकलव्हर्जन_ऑटो' चालू ठेवा, म्हणजे कुठला कमिट चालतोय ते 'यूनेम'मध्ये (चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या आज्ञेत) दिसतं. सिक्युअर बूट बंद, बाहेरची मॉड्यूल्स काढलेली, आणि '/बूट' भरण्याआधी जुने बिल्ड साफ.

बिघाड दर वेळी येत नसेल तर 'चांगला' हा शिक्का जपून मारा. तीनातून एकदा अडकणारं मशीन सदोष बिल्डवरही सलग १० वेळा नीट बंद होण्याची शक्यता १.७ टक्के आहे. १४ पायऱ्यांत साधारण ७ बिल्ड सदोष निघतात, तेव्हा कुठेतरी एक खोटा 'चांगला' पडण्याची शक्यता ११ टक्क्यांवर जाते. चाचण्या १५ केल्या तर ती दीड टक्क्याच्या आसपास येते. 'वाईट'साठी एकदा अडकणं पुरे, पण ते त्याच टप्प्यावर अडकलंय ना हे पाहूनच. जो बिल्ड बूटच होत नाही त्याला 'बायसेक्ट स्किप' द्या.

आपोआप फेऱ्या घ्यायच्या तर 'आरटीसीवेक -एम नो -एस १८०' (१८० सेकंदांनी मशीन जागं करणारा गजर) देऊन मग पॉवर ऑफ. १८० सेकंदांआधी मशीन उठलं तर जागं करणारं दुसरं कुणी आहे. उठलंच नाही तर ते अडकलं असण्याची शक्यता आहे.

पुढचं काम: सापडलेला कमिट ताज्या मेनलाइनवर (मुख्य कर्नलवर) रिव्हर्ट करून (उलटवून) तोच संच पुन्हा चालवणं. रिव्हर्टने बरं झालं तर कमिटचा हॅश, बॅकट्रेस, बायसेक्टचा लॉग आणि बोर्डाची फर्मवेअर आवृत्ती घेऊन थेट त्या सबसिस्टमच्या मेंटेनरकडे. बायसेक्ट मर्ज कमिटवर (दोन शाखा जोडणाऱ्या कमिटवर) थांबला तर त्याचे दोन्ही पालक वेगळे तपासायचे: दोन्ही चांगले आणि मर्ज वाईट असेल तरच दोष जोडणीत आहे, नाहीतर आधीच्या एखाद्या पायरीवरचा शिक्का चुकलाय आणि तिथून मागे फिरायचं.