तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खा पत्रा का कापला?

"वीतभर तुकड्यावर भागलं असतं, मग अख्खं क्वार्टर पॅनल का कापलंस?"

क्वार्टर पॅनल म्हणजे गाडीच्या बाजूचा, दारापासून मागच्या दिव्यापर्यंतचा, मागच्या चाकावरचा पत्रा. इंग्लंडमधल्या डर्बीतल्या गणपतीत हे विचारतात, पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर विचारतो. ज्यांच्या दारात माझ्यासारखीच पहिल्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे माझदाची दोन सीटची, कापडी छताची गाडी आहे, ते तर गुन्हा केल्यासारखं विचारतात. दर वेळी मी वेगळं काहीतरी सांगून सुटका करून घेतो. आता एकदाच सगळं लिहितो.

तांत्रिक उत्तर आधी, कारण तेही खोटं नाही. मागच्या चाकावरची कमान गंजली की बाजारातला छोटा तुकडा लावतात. त्याचा जोड नेमका सगळ्यात दिसणाऱ्या गोलाईवर येतो. तिथला पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याला लाटा येतात आणि त्या झाकायला पुट्टी भरावी लागते. या गाडीच्या अंगावर सरळ रेघ जवळजवळ नाहीच, उजेड फक्त वळत जातो. तो कुठे अडखळला की मला दिवसभर तेवढंच दिसतं. अख्खं पॅनल बदललं की जोड कारखान्यानं ठेवले होते तिथेच राहतात: दाराच्या खाचेत, मागच्या दिव्याआड, कमानीच्या आतल्या काठावर.

इथवर ऐकून लोक मान डोलावतात. मीही बरीच वर्षं इथेच थांबत होतो.

२०१९ च्या मार्चमध्ये गाडी एमओटीत, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास झाली. तपासनिसानं सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, मागच्या टोकाला हत्यार टेकवलं आणि ते सरळ आत गेलं. सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत असं भोक चालत नाही. धक्का नापास झाल्याचा नव्हता. हाच कोपरा मी २०१२ मध्ये एका गॅरेजकडून साडेचारशे पौंड मोजून दुरुस्त करून घेतला होता. "नवा पत्रा वेल्ड केलाय" असं त्यांनी तोंडानं सांगितलं होतं.

या खेपेला दुसऱ्या कारागिराकडे गेलो. साठीचा माणूस, एकटाच काम करणारा. मी समोर उभा असताना त्यानं रंग खरवडला. खाली बोटभर जाडीची पुट्टी, पुट्टीखाली तारेची जाळी, जाळीखाली पिवळा फोम. नवा पत्रा कुठेच नव्हता. फोमचा एक गोळा त्यानं उपटला, मुठीत धरला आणि पिळला. तपकिरी पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मी म्हणालो, "अख्खं पॅनल काढा."

"गरज नाही. खालचाच भाग गेलाय. वरचा पत्रा मूळ आहे, निरोगी आहे."

मी पुन्हा तेच म्हणालो. त्यानं ग्राइंडर खाली ठेवला आणि चहा करायला गेला. चहा संपल्यावर त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मला लाटा, जोड, उजेड यातलं काही आठवत नव्हतं. त्या गॅरेजचा हात लागलेली एक इंचही जागा गाडीवर नको होती, एवढंच. वरच्या पत्र्याला त्यांचा हात लागलाच नव्हता, हे कळत असूनही "हो" म्हणालो.

समोरून धडकून मोडीत निघालेल्या गाडीचं मूळ पॅनल मिळालं. मरिनर ब्लू, म्हणजे निळं. माझी १९९१ ची, लाल.

आठवड्याभरानं कारागिराचा फोन आला, "येऊन जा." एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवून जुना पत्रा त्यानं अलगद उतरवला होता. पण त्याला दाखवायचं होतं ते वेगळंच: सीटमागची नळी, कापडी छतावरचं पाणी जिच्यातून गाडीखाली जातं ती. ती काळ्या चिखलानं आणि सिकॅमोरच्या पंखवाल्या बियांनी गच्च भरली होती. "ही किती वेळा साफ करता?"

एकदाही नाही. २००६ मध्ये गाडी घेतल्यापासून एकदाही नाही, आणि गाडी तेरा वर्षं सिकॅमोरच्याच झाडाखाली. नळी तुंबली की पाणी सिलमध्ये उतरतं, सिल आतून कुजतं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ही गाडी घेणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच. ब्रेक मारला की मागे पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा. पेट्रोलची टाकी सीटमागेच असते, तीच वाजत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

म्हणून गॅरेजची फसवणूक माफ होते का? मुळीच नाही. फोम भरून पैसे घेणं ही लबाडीच. २०१२ चा मी म्हणतो, मी विश्वासानं पैसे मोजले, माझा काय दोष? मी त्याला म्हणतो, तो आवाज ऐकत होतास ना? यावर तो गप्प बसत नाही. म्हणतो, आणि तू? निरोगी पत्रा कापताना तू तरी कुणाचं ऐकलंस? आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.

काम अप्रतिम झालं. जुना लाल रंग उन्हानं फिकटलेला, म्हणून नवा रंग त्यानं दारावर विरवत नेला. दिवसा फरक कळत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली पॅनल दारापेक्षा किंचित गडद दिसतं. डिकीतलं अस्तर उचललं की आतल्या बाजूला निळा रंग आहे. तो मीच तसा ठेवायला सांगितला. कशासाठी ते मला नीट सांगता येत नाही, तेवढं विचारू नका.

दर ऑक्टोबरला नायलॉनची दोरी घालून दोन्ही नळ्या मोकळ्या करतो. दोरी शेडमध्ये असते. जुनं पॅनलही तिथेच, खिळ्याला टांगलेलं. बायको दर वर्षी विचारते, भंगारात कधी देणार? काल हे लिहायला बसण्याआधी ते खाली उतरवून मोजलं. गंज खालून वीतभर, वर चार बोटं. बाकी सगळा पत्रा शाबूत आहे.